खोली नंबर अकरा, नोंदणीकृत कार्यालय

माझ्या तोंडून कुणाचं कौतुक निघत नाही अशी आमच्या सोसायटीत माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी ऐकल्या. निवृत्त झाले आणि मुलुंड पूर्वेच्या नीलकमल सोसायटीची सेक्रेटरी झाले, म्हणजे तक्रारी तशाच राहिल्या, फक्त पगार गेला. अकरा वर्षं मी हे पद सोडतेय आणि दर वर्षी सभासद टाळ्या वाजवून ते पुन्हा माझ्याच गळ्यात घालतात. पण दशरथ वाव्हळेबद्दल मी आज तोंड भरून बोलणार आहे. सवय नाही, तेव्हा कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

दशरथ आमच्या लिफ्टचा मेकॅनिक. अठरा वर्षं एका कंपनीचा निळा शर्ट घालून तो आमच्याकडे येत होता. काही बदललं की जुना, झिजलेला भाग वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात द्यायचा. "बघून घ्या मॅडम, नाहीतर म्हणाल बदललं कशावरून?" एकदा मी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकले. अंधार आणि घाम. वरून याचा आवाज आला, "मॅडम, आज जेवायला काय केलंय?" मी खेकसले, "तुम्हाला काय करायचंय मेल्या?" तो म्हणाला, "सांगा तरी." मी रागारागाने कुळथाची पिठी सांगायला लागले, आणि फोडणीपर्यंत येते न येते तोच दार उघडलं. तोवर त्याने मशीन रूममध्ये हाताने ब्रेक सोडत सोडत लिफ्ट खाली आणली होती.

या माणसाची एक खोड होती. जे काम केलं नाही त्याच्या कागदावर तो सही करायचा नाही. त्याच्या कंपनीतले साहेब महिनाअखेरीला पाच-पाच इमारतींचे सर्व्हिसचे कागद एकदम पुढे टाकायचे, मार रे सह्या. बाकीचे मारायचे. हा म्हणायचा, "भेट दिलेली नाही, सही कशी करू?" त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं सुपरवायझर झाली आणि हा मेकॅनिकच राहिला. मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं होतं. तो हसला आणि लॉगबुकात वाचून वाचून सही करून गेला.

मागच्या जानेवारीत त्याची कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली आणि बावन्नाव्या वर्षी दशरथच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र पडलं. आमच्यासकट चार सोसायट्यांनी त्याला सांगितलं, आता तूच आमच्या लिफ्ट बघ. लिफ्ट दुरुस्तीचा सरकारी परवाना त्याने दोन वर्षांपूर्वीच परीक्षा देऊन काढला होता. पण आमचे चेअरमन विद्याधरराव आडवे आले. "एकट्या माणसाबरोबर करार नाही. उद्या काही झालं तर विमावाले विचारतील. कंपनी पाहिजे, प्रायव्हेट लिमिटेड." त्यांनी एका मोठ्या कंपनीचा तीन वर्षांचा करार तयारच ठेवला होता. आमचा जुना करार एकतीस मार्चला संपत होता. त्याआधी दशरथची कंपनी उभी राहिली तर काम त्याचं, नाहीतर तीन वर्षं दार बंद. बाकीच्या तिन्ही सोसायट्या आमच्याकडे बघून ठरवणार होत्या. थोडक्यात, याचं पुढचं सगळं आयुष्य त्या एकतीस मार्चवर येऊन ठेपलं होतं.

कंपनी काढायची म्हणजे वकील, सीए, चकरा, असं मला वाटत होतं. दशरथने मोबाइलवर जाहिरात दाखवली. सगळं ऑनलाइन, घरबसल्या कंपनी. तुम्ही कागद फोटो काढून पाठवायचे, ते फॉर्म भरणार. लॉगइन, पासवर्ड, ओटीपी या गोष्टींसाठी माझा लॅपटॉप आणि प्रिंटर कामाला आला, आणि माझं सहाव्या मजल्यावरचं जेवणाचं टेबल म्हणजे ऑफिस झालं. एजंटाचं ऑफिस कुठे आहे ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या वाट्याला आलेली बाई सपना, फोनवरची. बोलायला गोड आणि सुसाट.

डिजिटल सहीसाठी कॅमेऱ्यासमोर आपलं नाव सांगायचं होतं. दशरथ त्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. मोबाइल मी धरला. तो शाळेत प्रतिज्ञेला उभं राहतात तसा ताठ उभा राहिला आणि अख्ख्या जिन्यात ऐकू जाईल असा ओरडला, "मी दशरथ धोंडिराम वाव्हळे!" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काय झालं म्हणून बेल वाजवली. दोन संचालक लागतात म्हणून दुसरी त्याची बायको संघमित्रा. ती बालवाडीत शिकवते. तिने एका दमात, कॅमेऱ्याकडे हसून नाव सांगितलं आणि मोकळी झाली.

नावाचं मात्र त्याचं आधीच ठरलं होतं. समतल एलिव्हेटर सर्व्हिसेस. मी म्हटलं, लिफ्ट वर जाते, मग गगन, शिखर असं काहीतरी घ्या की. तो म्हणाला, "मॅडम, वर तर कुठलीही लिफ्ट जाते. थांबते तेव्हा तिची जमीन आणि मजल्याची जमीन एका रेषेत आली पाहिजे. म्हातारं माणूस ठेचकाळलं नाही पाहिजे. तिथे मेकॅनिक कळतो." नाव मंजूर झालं. वीस दिवसांत बाकीचे फॉर्म भरले नाहीत तर नाव सुटणार होतं.

मग गाडी अडली ती पत्त्यावर. दशरथची खोली घाटकोपर पश्चिमेला, टेकडीवरच्या पंचशील चाळीत, नंबर अकरा. पत्त्याचा पुरावा म्हणून सपनाने लाइट बिल मागितलं. बिलावर नाव होतं शांताबाई धोंडिराम वाव्हळे. दशरथची आई. तिला जाऊन सात वर्षं झालेली. यात नवल काही नाही. आपल्याकडे माणूस जातं, लाइट बिलावरचं नाव जात नाही. बिल येतं, आपण भरतो. नाव बदलायला गेलो तर आईला घराबाहेर काढल्यासारखं वाटतं, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही असतो. दशरथ तर दर महिन्याला ते बिल आलं की आधी नाव वाचायचा आणि मग आकडा.

सपनाने फोनवर तोडगा काढला. "सर, काही टेन्शन नाही. बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांची एनओसी लागते ना, फक्त तिथे आईंची सही करून टाका. कोणी बघत नाही हो."

"आई वारली," दशरथ म्हणाला.

"हो सर, ते आम्हाला माहितीये ना. फॉर्मला नाही माहीत."

दशरथ म्हणाला, "माझी आई अंगठा द्यायची. मी तिची सही केली तर मेल्यानंतर ती शिकली असं होईल."

सपनाकडे दुसरा तोडगाही होता. अंधेरीला काचेच्या एका इमारतीत पत्ता भाड्याने मिळतो. तिथे बसायचं नसतं, फक्त पत्ता वापरायचा. एकेका टेबलावर शंभर-शंभर कंपन्या. मला तो एकदम पटला. अंधेरीचा पत्ता, विद्याधररावांचे डोळे पांढरे होतील! दशरथने मान हलवली. "लिफ्ट बंद पडली आणि कुणी त्या पत्त्यावर माणूस धाडला तर तिथे मी नसणार. मग तो पत्ता कशाला लावायचा?" मी चिडले. म्हटलं, दशरथ, तुमच्या या सचोटीपायी एक दिवस उपाशी मराल. तो म्हणाला, "अजून तरी नाही मेलो."

शेवटी सरळ रस्ता ठरला. बिल दशरथच्या नावावर करायचं. त्याला आईचा मृत्यूदाखला आणि दुसऱ्या वारसाची ना हरकत लागणार होती. दुसरी वारस म्हणजे त्याची थोरली बहीण द्रौपदी, कुर्ल्याला असते. सपनाने लगेच मजकूर पाठवला, मी स्टॅम्प पेपर आणून त्यावर त्याची प्रिंट काढून ठेवली, आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी द्रौपदीबाई माझ्याकडे आल्या.

त्यांच्याबद्दल दशरथने मला जुजबी सांगितलं होतं. धोंडिराम महापालिकेत सफाई कामगार. दशरथ अकरा वर्षांचा असताना ते गेले. त्यांच्या जागेवर वारसाने नोकरी मिळत होती. घरात अठरा पूर्ण झालेली एकटी द्रौपदी. तिने सातवीनंतर शाळा कधीच सोडलेली होती, आता बापाचा झाडू हातात घेतला. चाळीस वर्षं रस्ते झाडले. त्या पगारातून दशरथची शाळा झाली, आयटीआय झालं. स्वतःचं लग्नही तिने चार वर्षं लांबवलं. आता रिटायर झालेल्या. ठेंगण्या, काटक, पांढरी साडी, निळी किनार. आल्या आल्या "जयभीम" म्हणाल्या, चहा घेतला आणि विचारलं, "कुठं सही करायची ते सांगा, मला परत जाऊन भाकऱ्या टाकायच्यात."

मी पानं पुढे केली. त्यांनी खालच्या रेघेवर, प्रत्येक पानावर, पटापट सह्या केल्या. मी, जी भाजीवाल्याची पावतीसुद्धा दोनदा वाचते, ती मी तो मजकूर वाचला नव्हता. सही झाल्यावर दशरथने कागद ओढून घेतले आणि नेहमीसारखे पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. दुसऱ्या पानावर थांबला.

"अक्का, तू काय लिहून दिलंस माहितीये?"

"बिलाचं ना?"

"यात लिहिलंय, सदर खोलीत माझा कोणताही हक्क, हिस्सा नाही. असल्यास मी तो भावाच्या नावे कायमचा सोडत आहे."

द्रौपदीबाईंनी पदराने कप पुसून ठेवला. "मग? तसंच लिहितात. बहिणी लिहून देतात. माहेर शाबूत राहतं."

मी सपनाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बिलासाठी नुसती ना हरकत पाहिजे होती, हे हक्कसोडीचं कुठून आलं? सपना म्हणाली, "मॅडम, आमचा स्टॅंडर्ड फॉरमॅट आहे. बहीण असली की हाच जातो. पुढे लफडी नकोत ना." तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. तिने हजार बहिणींना तोच कागद पाठवला असेल.

तेवढ्यात मला देवरूखचं माझं माहेर आठवलं. अशाच एका टेबलावर, अशाच एका कागदावर मीही सही केली होती, माझ्या भावासाठी. मी तेव्हा सरकारी नोकरीत होते, चार लोकांना कायदा शिकवत होते, आणि तरी वाचला नव्हता तो कागद. वहिनीने साडी दिली, मी ती नेसून परत आले. वाईट वाटायला हवं होतं हे मला त्या रविवारी पहिल्यांदा कळलं, आणि माझा चेहरा फुकट तापला.

दशरथ बहिणीशी बोलत होता. आवाज चढला नव्हता. "बाबांचा झाडू वारसाने आला तेव्हा मी आलो होतो का वाटा मागायला?"

"अकरा वर्षांचा होतास रे तू."

"आज बावन्नचा आहे. झाडू तुला आणि खोली मला, ही कसली वाटणी गं अक्का? सांग ना."

द्रौपदीबाईंना रडू आलं नव्हतं. त्या चक्रावल्या होत्या. दशरथने मोबाइल काढून बायकोला फोन लावला, गॅलरीत जाऊन दोन मिनिटं बोलला आणि परत आला. त्याने ते स्टॅम्प पेपर उभे फाडले. मी आणलेले, त्यावर नोटरीसाठी वेळ घेतलेली. मग तो म्हणाला, "मॅडम, दुसरा मजकूर करा. खोली अक्काची, बिलही तिच्याच नावावर जाईल. ना हरकत मी देतो."

"अरे येड्या," द्रौपदीबाई म्हणाल्या, "राहतोस तू, आणि बिल माझं? संघमित्रा काय म्हणेल?"

"ती म्हणाली, आपलं नाव कंपनीत आहे, बिलावर अक्काचं असू दे."

मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्याच्या टाळक्यात लॅपटॉप घालावासाही वाटला. कारण मी कॅलेंडर बघत होते. नवीन अर्ज, बाई कुर्ल्याची, त्यांचे कागद वेगळे, नव्या नावाचं बिल येणार मार्चच्या शेवटी. तोवर कंपनीचं मंजूर झालेलं नाव सुटणार. मी हे सगळं त्याला बोटांवर मोजून सांगितलं. तो म्हणाला, "सुटू दे. परत मागू." आणि खरंच ते सुटलं, परत मागावं लागलं. ते आठ दिवस मी रोज सकाळी उठून आधी बघायची की कुणी दुसऱ्याने समतल पळवलं तर नाही. नाही पळवलं.

बिल आलं तेवीस मार्चला. ग्राहकाचं नाव, द्रौपदी सखाराम गायसमुद्रे. त्या संध्याकाळी बाई पुन्हा माझ्या टेबलाशी. या वेळी दशरथने पेन आधी दिलंच नाही. "आधी मोठ्याने वाच." त्यांनी चष्मा लावला आणि सातवीतल्या मुलीसारखं बोट ठेवून वाचलं, "मी, सदर जागेची मालक, समतल एलिव्हेटर सर्व्हिसेस प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीस माझ्या जागेत नोंदणीकृत कार्यालय ठेवण्यास परवानगी देत आहे." बोट मागे नेऊन त्यांनी ते परत वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चाळीस वर्षं हजेरीच्या वहीत सही केली. उशीर झाला तर मुकादमाची परवानगी मागायची. परवानगी देण्याची सही ही पहिलीच." आणि सावकाश, एकेक अक्षर काढत त्यांनी सही केली. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी प्रिंटरमध्ये कागद नसताना कागद शोधत बसले.

फॉर्म त्याच रात्री गेले. एकतीस मार्च आला, सर्टिफिकेट आलं नाही. सपना सांगत होती, सरकारी काम, आर्थिक वर्षाची गर्दी, थांबा. विद्याधरराव मोठ्या कंपनीचा करार घेऊन माझ्या दारात. पण करारावर सेक्रेटरीचीही सही लागते, आणि त्या दिवसांत माझं मनगट भयंकर दुखत होतं. करार नसताना लिफ्ट चालवणं बरोबर नाही, तेव्हा मी फलकावर नोटीस लावली, लिफ्ट देखभालीसाठी बंद. विद्याधरराव दुसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांना काय? मी सहावा मजला, गुडघे माझे. चार दिवस मी ते जिने चढले आणि वाटेत प्रत्येक मजल्यावर शिव्या खाल्ल्या. दशरथला हे कळलं तेव्हा तो इतका शरमला की माझं दळण स्वतः वर घेऊन आला.

चार एप्रिलला, दुपारी, मेल आला. सर्टिफिकेट. नाव, नंबर, आणि पत्ता: खोली क्रमांक अकरा, पंचशील चाळ, घाटकोपर पश्चिम. मी प्रिंट काढली. दशरथने ती घेतली आणि अर्थातच पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मग टेबलावर ठेवली आणि दोन्ही तळहातांनी चेहरा झाकून बसला. मी म्हटलं, रडताय काय, उठा, लिफ्ट चालू करा. तो म्हणाला, "आधी करार, मग लिफ्ट." संध्याकाळी करारावर माझी सही झाली आणि लिफ्ट चालू झाली. मनगट साफ बरं झालं होतं. महिनाभरात बाकीच्या तिन्ही सोसायट्याही आल्या.

कंपनी झाली की कार्यालयाबाहेर नावाची पाटी लावावी लागते. दशरथने मला बोलावलं. टेकडीच्या पायऱ्या चढताना मी मनातल्या मनात त्याला पुष्कळ नावं ठेवली. वर पोचले तर खोली नंबर अकराच्या दाराशी चाळीतली पंधरा-वीस माणसं जमलेली. संघमित्रा सगळ्यांना चहा देत होती. दशरथ ड्रिल मशीन घेऊन भिंतीशी, आणि त्याच्यामागे द्रौपदीबाई, हात कमरेवर ठेवून. "डावीकडून खाली गेलीय. वर घे. अजून. हां, आता." पाटी एका रेषेत बसली. समतल एलिव्हेटर सर्व्हिसेस प्रायव्हेट लिमिटेड, खाली नोंदणीकृत कार्यालय आणि हाच पत्ता.

समोरच्या खोलीतली शकुमावशी काठी टेकत बाहेर आली. वय ऐंशीच्या पुढे. द्रौपदी अठराव्या वर्षी पहाटे झाडू घेऊन निघायची, ते हिने याच दारातून पाहिलेलं. पाटी तिला वाचता येत नव्हती. तिने विचारलं, "काय लावलंस गं द्रौपदे दारावर? एवढी माणसं कशाला?"

"कंपनी झालीय मावशी."

"कुणाची?"

द्रौपदीबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कंपनी भावाची. जागा माझी."